खुर्चीतल्या माणसाचा होकार

सर,

हे पत्र एकच गोष्ट सिद्ध करण्यासाठी लिहिते आहे. दात सरळ करायचे की नाहीत, हे ठरवण्याचा अधिकार खुर्चीत बसलेल्या माणसाचा आहे. त्याला घेऊन आलेल्याचा नाही आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरचाही नाही. तुमचे मत याच्या उलट होते. तुम्ही जाऊन इतकी वर्षे झाली की उत्तर देण्याची सोय तुम्हाला उरलेली नाही, आणि प्रतिपक्ष गैरहजर असताना एकतर्फी बोलावे हे मला माझ्या वकील वडिलांनी शिकवलेले नाही. म्हणून तुमची बाजूही मीच मांडणार आहे, तुम्ही मांडली असतीत तितक्याच जोराने.

नागपूरच्या विभागातली ती दुपार तुम्हाला आठवत नसणार. शाळेच्या गणवेशातली एक मुलगी खुर्चीत बसली आहे, तिचे वडील मागे उभे आहेत. तुमच्या हातात तिच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे आहेत आणि तुम्ही वडिलांना समजावता आहात की चार दात काढावे लागतील, मग तारा बसतील, मग दोन वर्षे यावे लागेल. वडील प्रत्येक वाक्याला मान डोलावतात. मी तुमच्या शेजारी टिपणे घेत उभी आहे. मी खाली वाकून मुलीला विचारते की तुला हे करून घ्यायचे आहे का. ती मान हलवते, नाही. तुम्ही साचे सावकाश टेबलावर ठेवता. एरवी शिकवताना तुमची मराठी छापील असायची. राग आला की गावची बोली वर यायची. "काहून विचारून राहिली तिले?" तुम्ही म्हणालात. "दात तिचे असतीन, अक्कल आपली आहे. इतकंच विचारायचं असन तं बापासारखी वकिली कर." सगळे हसले. तिचे वडीलही हसले. त्या दिवसापासून विभागात माझे नाव 'वकीलसाहेब' पडले आणि पुढे मी पास होईपर्यंत तुम्ही मला दुसऱ्या नावाने हाक मारली नाही.

आता तुमची बाजू. मूल आजचे दुखणे मोजते, वीस वर्षांनंतरचे तोंड त्याला दिसत नाही, आपल्याला दिसते. ज्याला दिसते त्याने ठरवावे. ज्याला दिसत नाही त्याला विचारणे म्हणजे आपली जबाबदारी त्याच्या अंगावर ढकलणे. शिवाय निकाल तुमच्या बाजूने होता: त्या मुलीचे दात इतके सुरेख बसले की तिचे साचे तुम्ही पुढच्या तुकड्यांना दाखवत राहिलात. हे सगळे मला मान्य आहे. परंतु ती मुलगी दोन वर्षे येत होती आणि दारातून आत येतानाच तोंड उघडायची, खुर्चीपर्यंत पोचण्याआधीच. तुम्ही तिला शहाणी म्हणायचात. शहाणपण आणि हार यांत फरक करता येत नसेल, तर निकाल कितीही सुरेख असो, परीक्षण अपुरे आहे. पास झाल्यावर तुम्ही तार वाकवायची स्वतःची पक्कड मला दिलीत आणि मी वाकून नमस्कार केला. तो नमस्कार मनापासूनचा होता. मत मी तिथेही बदलले नव्हते.

आता इकडची खबर. रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या गल्लीतला दवाखाना सोडून आम्ही तेलीबांध्याला आलो. 'आम्ही' म्हणजे मी आणि माझी भाची. तीही याच शास्त्रात शिकून आली. प्लास्टर संपले. तोंडात स्कॅनरची एक कांडी फिरवली की जबडा पडद्यावर उभा राहतो, आणि उपचार संपल्यावरचे दातही त्याच पडद्यावर आधीच दिसतात. आईबाप त्याकडे बोट दाखवून म्हणतात, "बस, असंच करून द्या." ज्यांना तारा नकोत त्यांच्यासाठी पारदर्शक साचे कुरियरने येतात. मला याचे दुःख नाही. तार वाकवण्यात माझ्या बोटांचे सांधे गेले. यंत्राने उरलेले वाचवले. पण लक्षात घ्या, तुमचा सगळा युक्तिवाद ज्यावर उभा होता, 'आपल्याला दिसते, त्याला दिसत नाही', तो पाया या पडद्याने काढून घेतला. आता खुर्चीतल्यालाही दिसते. मग त्याला न विचारण्याचे कारण काय उरले?

म्हणून मी नियम केला. पहिल्या भेटीत पेशंट आत एकटा येतो, घरचे बाहेर बसतात, दार बंद होते, आणि मी विचारते. नाही म्हणाला तर तपासणी करून परत पाठवते. एका वडिलांनी सुनावले, "हमसे छुपाके बच्चे से क्या पूछोगे, मैडम?" आणि ते मुलाला घेऊन दुसरीकडे गेले. तसे बरेच गेले. गावातले बाकीचे डॉक्टर हसतात. भाची एकदा वैतागून म्हणाली, "मावशी, आपण क्लिनिक चालवून राहिलो का कोर्ट?" मी सांगितले, दार बंद असेपर्यंत कोर्ट. नियम आजही आहे.

आता ज्या प्रसंगामुळे हे पत्र लिहायला बसले तो. दीड वर्षापूर्वी एक मुलगी आली. वडील रेल्वेत, ती स्वतः नवा रायपुरात एका कार्यालयात नोकरीला. बंद दाराआड तिने स्पष्ट हो म्हटले आणि काम सुरू झाले. गेल्या महिन्यात ती नेहमीच्या तपासणीला आली, तेव्हा बरोबर आई होती. मी मुलीला खुर्चीत घेतले, तार बदलण्याच्या तयारीला लागले, आणि आई दारातूनच बोलू लागली. लग्न ठरले होते. पंधरा दिवसांवर हळद. "मॅडम, तारा काढून द्या. तोंडात लोखंड घेऊन तिले मांडवात कशी बसवू मी? पोरगं चांगलं आहे, पण त्याच्या घरच्या बाया विचारून राहिल्या का पोट्टीले काही दोष व्हता काय."

ज्याची मी चाळीस वर्षे वाट पाहत होते तो खटला समोर आपल्या पायांनी चालत आला होता, आणि मी तो सोडला नाही. मी सांगितले की काम अर्धे आहे, मुळे अजून हाडात स्थिरावलेली नाहीत, तारा काढल्या तर दात मागे सरकतील. आई म्हणाली, सरकू द्या, नंतर पाहू. मग मी मूळ मुद्द्यावर आले. हे तोंड तुमचे नाही. वराच्या घरच्या बायकांचे तर मुळीच नाही. फोटोत कसे दिसावे हे ठरवायचा हक्क तुमच्याकडे कोठून आला? मुलगी सज्ञान आहे, कमावती आहे, दीड वर्षापूर्वी तिने स्वतः होकार दिला. तो मोडायचा असेल तर तीच मोडेल. आई म्हणाली, "तुमच्या घरी पोट्टी असती तं समजलं असतं तुम्हाले." मी उत्तर दिले की माझ्या घरी काय आहे हा इथे मुद्दा नाही. माझ्या मते मी जिंकले होते.

तेवढ्यात भाची माझ्या मागून पुढे आली आणि मुलीच्या तोंडातले गाल ताणून धरणारे प्लास्टिकचे रिट्रॅक्टर काढले. ते मीच बसवले होते, आई बोलू लागण्याच्या आधी. जितका वेळ मी तिच्या हक्काबद्दल बोलत होते, तितका वेळ तिचे ओठ दोन्ही बाजूंना ओढलेले होते आणि तिला एक शब्द उच्चारता येणे शक्य नव्हते.

मुलीने ओठ पुसले. इथल्या मराठी घरांतल्या नव्या पिढीप्रमाणे तीही मराठी समजते आणि हिंदीत बोलते. "मैडम, मुझे भी निकलवाना है।" मी विचारले, आईसाठी? तिने मान हलवली. "मम्मी के लिए नहीं। डेढ़ साल से सब मेरे दाँत देखकर बात करते हैं, मैडम। एक दिन मेरी शक्ल देख लें।"

भाचीने वाद घातला नाही. वरच्या पुढच्या सहा दातांवर चिकटवलेले, तार धरणारे ब्रॅकेट काढायचे, दात जागेवर राहावेत म्हणून पारदर्शक पट्टी द्यायची, लग्न झाले की पुन्हा चिकटवायचे. हा मार्ग मला तिच्याहून आधीपासून माहीत आहे. बोलण्याच्या भरात मी तो एकदाही सुचवला नव्हता. ब्रॅकेट भाचीनेच काढले. मुलगी बराच वेळ दातांवरून जीभ फिरवत बसली, आणि आईने तिची हनुवटी वर करून पाहिले.

लग्न झाले आहे. ती पुन्हा चिकटवून घ्यायला येईल की नाही, मला ठाऊक नाही. तुम्ही म्हणाल: बघ, विचारत बसलीस आणि चांगले चाललेले काम बिघडवलेस. उत्तर सोपे आहे. काम बिघडले असेल तर ते तिचे बिघडले आहे, आणि बिघडवण्याचा अधिकार तिला आहे हेच मी पहिल्या परिच्छेदात म्हटले होते. विधान जागच्या जागी उभे आहे. ठरवले मुलीने, म्हणून आई हरली, मी हरले, तुम्हीही हरलात.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी ते पाठवले नसते. तुम्हाला शेवटचा परिच्छेद तेवढा वाचायची सवय होती, आणि तो पुढीलप्रमाणे आहे.

एकदा मिळालेला होकार कायमचा असतो, असे मी न तपासता गृहीत धरले, आणि त्या दिवशी तिला पुन्हा विचारले नाही. ही चूक माझी आहे. त्या चुकीमुळे तुमची बाजू तिळभरही बळकट होत नाही.

तुमची विद्यार्थिनी,
वकीलसाहेब