गल्लीचा जबाब

२० ऑगस्ट १९४४, रविवार

चांद दिसला. उद्यापासून रोजे, म्हणजे उद्यापासून पहाटे सहेरीच्या जेवणाला गल्ली उठवायची माझी फेरी!

दरसाल करतो तसं आज घरोघर जाऊन तब्येती विचारून आलो. कोण रोजा धरणार, कोणाला झेपणार नाही, हे उठवणाऱ्याला ठाऊक असलेलं बरं. चांदभाई मणियाराचा खोकला? बरा आहे, पहाटेचा तेवढा उचल खातो. त्याची सून मेहताब? ओली बाळंतीण, तिला रोजा नाही. पण म्हणाली, चाचा, हाक माराच, सगळ्यांच्या भाकरी मलाच थापायच्यात. बाळ? दूध ओढतंय. गोरक्षाची आई गोजरबाई? डोळ्यांचं पाणी थांबलं, पण दिसायला कमी झालंय. खुद्द गोरक्ष? त्याला काय धाड भरलीय! त्याच्या बैलांचीही विचारपूस केली. परवा पोळा झाला, शिंगांचा रंग अजून हाताला लागतो. गोरक्ष हिंदू, रोज्याशी संबंध नाही, पण रमजानात माझ्याच हाकेवर उठतो आणि गाडी जुंपतो. म्हणतो, "चाचा, तुमचा रमजान बारा म्हैने ठिवा की."

शेवटचं दार हाजराबी आपाचं. एकटी राहते. गुडघा कसा आहे विचारलं, तर म्हणाली, गुडघा माझ्याआधी उठून बसलेला असतो.

राहिलो मी. माझी तब्येत ठीक. उजवा कान बंद झालाय, जन्मभर कापूस पिंजला त्याची धूळ बसली असेल. डावा आहे की.

२१ ऑगस्ट

पहिली फेरी नीट झाली. हातात कंदील, काठी दाराच्या चौकटीवर, आणि हाक: "उठा सहेरीला, लवकर जबाब द्या!" जबाब आल्याशिवाय पुढच्या दाराला जायचं नाही, हा आमच्या गल्लीचा रिवाज. माझ्या वडिलांनी घातलेला. नुसतं ओरडत जाणारा भोंगा काय कोणीही होईल.

खिडकीत दिवा लागतो, मी पुढं सरकतो. लोक आताशा हळू बोलतात. आवाज बसलाय सगळ्यांचा, पावसाळी हवा.

२४ ऑगस्ट

राकेलची फार ओढाताण. कार्डावर बाटलीभर मिळतं, तेही दुकानदाराच्या मर्जीनं. लढाईनं दिव्यातलं तेलसुद्धा नेलं. आणि हाजराबी आपा बघा — माझी हाक गेली की चिमणी लावते आणि खिडकीत ठेवते. मी वळलो की विझवलेली! एवढ्याशा वेळात सहेरी होते थोडीच? म्हातारपणी अंधाराची भीती वाटत असेल. उद्या थोडं राकेल नेऊन देईन म्हणतो. घेणार नाही, मानी बाई आहे.

२७ ऑगस्ट, रविवार

काल संध्याकाळच्या मोटारीनं कादर आला. नगरला लष्कराच्या वर्कशॉपात मिस्त्री आहे माझा लेक. बायको-मुलं तिथंच. येताना गजराचं घड्याळ घेऊन आला! हिरवा रंग, दोन पाय, डोक्यावर वाटी उपडी घातल्यासारखी घंटी. मागं दोन चाव्या — एक चालायची, एक बोंबलायची. अर्धी गल्ली बघायला लोटली.

पहिल्याच दिवशी गफलत झाली. सरकारनं लढाईपायी घड्याळं तासभर पुढं ढकललीत. कादरचं घड्याळ नगरच्या सरकारी टाइमाचं, मशिदीतला सहेरीच्या वेळांचा तक्ता जुन्या टाइमाचा. कादरनं घड्याळ बघून मला हलवून उठवलं, मी गल्ली उठवली, आणि सगळे तासभर आधी सहेरी खाऊन आभाळाकडं बघत बसले! चांदभाई म्हणाला, पुढच्या वेळी आदल्या दिवशीच उठवा.

हसून झालं. मग कादर मुद्द्यावर आला. "अब्बा, हे गल्लीला ठेवू आणि तुम्ही नगरला चला. इथं एकटे कशापायी राहता? उठवायचं काम आता हे करेल." दहा तारखेच्या रविवारी न्यायला येतो म्हणून सांगून गेला.

पोरगा वाईट बोलला नाही. तिथं सून शरिफा गरम भाकरी वाढील, नातवंडं मांडीवर बसतील. पण घड्याळ दिलं ते मला दिलं, का माझ्या जागी दिलं — एवढंच मनात घोळतंय.

२९ ऑगस्ट

घड्याळाची मजा बघतोय. दिवसभर कोणी ना कोणी डोकावतं — चाचा, वाजले किती? गोजरबाई आली. सांगितलं, अकरा. "बरं बाई," म्हणून समाधानानं गेली! अकराचं काय करणार होती कोण जाणे.

गोरक्ष आणि त्याच्या चुलतभावाची विहिरीवर मोटेची पाळी आहे. आजवर लिंबाची सावली धोंड्याला टेकली की दुसऱ्यानं बैल जुंपायचे. आता भाऊ म्हणतो, सावली लबाड, चाचांचं घड्याळ आणू. गोरक्ष म्हणतो, सावलीला चावी द्यावी लागत न्हाई. दोघंही आपापल्या जागी बरोबर. पण कालपर्यंत दोघं धोंड्यावर बसून, तंबाखू मळत सावलीची वाट बघायचे. आज बोलत नाहीत.

कादर म्हणाला होता, लढाई संपू द्या, घरोघर घड्याळ येईल, रेडिओ येईल, कोणाला कोणाची गरज लागणार नाही. चांगलंच आहे. मोटार चुकणार नाही, औषधाची वेळ चुकणार नाही. मेहताबला बाळाचं सोपं जाईल. पण ज्याच्या त्याच्या घरात ज्याचा त्याचा गजर झाला, तर कोण उठलं नाही हे कळणार कोणाला? घड्याळ हाक मारतं. थांबत नाही.

३१ ऑगस्ट

अजून गजराची गरज पडलेली नाही. सवयीनं मी आधीच उठतो आणि त्याचा खटका दाबून ठेवतो. पण खरं सांगू — घड्याळ उशाशी आहे म्हटल्यावर झोप सैल सुटते. इतकी वर्षं रमजानात भिंतीला टेकून डुलक्या घेतल्या. काल आडवा झालो, पांघरूण घेतलं. बादशहा!

१ सप्टेंबर, शुक्रवार

उठलो तो उन्हं अंगणात.

सबंध गल्ली बिनासहेरीची. चांदभाईनं रोजा तसाच धरला, खोकल्यासकट. गोरक्षाची घोडेगावच्या बाजाराला जायची गाडी दारात, वांग्यांनी भरलेली. कोणी रागावलं नाही, तेच जास्त लागलं. शेवटी गोरक्षच बोलला. "चाचा, तुमच्या घड्याळानं बी रोजा धरलाय का काय? तोंडच उघडलं न्हाई त्यानं."

मी म्हणालो, बिघडलंय. वाजलंच नाही.

हाजराबी आपाकडं गेलो. तिचीही सहेरी चुकली होती. म्हणाली, हुतं असं. आणि खिडकीतली चिमणी उचलून आत घेऊन गेली. काच पार काळी झालेली.

२ सप्टेंबर

घड्याळ बिघडलेलं नाही.

दुपारी दार लावून बसलो. गजराची मागची चावी बघितली तर पार उतरलेली. म्हणजे काल ते वाजलं, पोट भरून वाजलं. पुन्हा चावी दिली, काटा फिरवला, समोर ठेवलं. घंटीवरची ती बारकी हातोडी अशी थरथरायला लागली की दिसेना. आणि आवाज? नाही. नुसती थरथर. डाव्या कानाला लावलं तेव्हा कुठं लांबून, विहिरीच्या तळातून आल्यासारखा आला.

हातात धरलं तर हात झिणझिणला. तेव्हा उमगलं. पिंजताना कमानीला ताणलेल्या तातीची टणटण मला रोज ऐकू येते असं मी समजत होतो. ती हाताला येत होती. कानाला नाहीच.



३ सप्टेंबर

घड्याळ छातीवर ठेवून, वर हात धरून झोपलो. गजरानं उठलो! अंगातून मुंग्या गेल्यासारखं झालं. फेरी वेळेवर.

पण फेरी करता करता दुसरंच मनात आलं. उठायचं जमलं, पण जबाबाचं काय? लोक हळू बोलत नव्हते तर. दिवा बघून मी पुढं सरकत होतो. ज्यानं अंधारात जबाब दिला, किंवा ज्यानं दिलाच नाही, त्याचं काय झालं हे मला कसं कळलं असणार? मेहताब बाळंतीण आहे. आपा एकटी आहे. एखादीनं आतून "चाचा, जरा थांबा" म्हटलं असेल आणि मी काठी टेकत निघून गेलो असेन. तसं असेल तर मी आणि ते हिरवं घड्याळ, दोघांत फरक काय? तेही हाक मारतं आणि ऐकत नाही.

५ सप्टेंबर

ठरवलं. नगरला जायचं. कानाचं कोणाला सांगत नाही; लेकानं बोलावलंय एवढं कारण पुरे. कमान खुंटीला टांगली. गादीचं एक काम होतं, ते पुरं करून दिलं.

९ सप्टेंबर, शनिवार

घरोघर सांगून आलो. चांदभाई खोकत राहिला. गोजरबाईनं माझा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडेना. गोरक्ष म्हणाला, बैलांना तुमीच सांगा, माझ्यानं न्हाई व्हायचं.

घड्याळ आपाकडं ठेवावं म्हणून घेऊन गेलो. चावी कशी द्यायची ते दाखवायला लागलो तर तिनं हातच मागं घेतला. डाव्या अंगाला येऊन म्हणाली, "ह्याला मी जबाब दिला, तर हे थांबणार हाय का?"

 घड्याळ परत आणलं.

संध्याकाळी कादर एक दिवस आधीच आला. दोन दिवसांची रजा काढलीय. उद्या माझी फेरी बघतो म्हणाला, शेवटची म्हणून. परवा सकाळच्या मोटारीनं निघायचं.

१० सप्टेंबर, रविवार

फेरीला कादर बरोबर आला. चांदभाईच्या खिडकीत दिवा. गोरक्षाकडं दिवा. मीही हाक जरा जोरात मारत होतो, लेक ऐकतोय म्हणून.

आपाच्या दाराशी आलो. काठी वाजवली. "उठा सहेरीला, आपा, लवकर जबाब द्या." अंधार. पुन्हा हाक मारली. अंधार! तिसऱ्यांदा हाक मारताना माझाच आवाज फाटला. आत शिरायला पुढं झालो, तो कादरनं दंड धरला आणि माझ्या हातातला खाली लोंबणारा कंदील वर उचलला.

आपा उंबऱ्यातच उभी होती. माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर. तिचे ओठ हलत होते.

कादर माझ्या कानाशी आला. "अब्बा, त्या केव्हापासून जबाब देतायत. तुम्हाला ऐकू येत नाही?"

आपानं मोकळी चिमणी उलटी करून दाखवली. थेंब नव्हता तिच्यात. एक तारखेच्या शुक्रवारी मी आलो नाही, तर फजरच्या नमाजाची वेळ होईपर्यंत आपा चिमणी लावून, घास न घेता माझी वाट बघत बसली होती. मग माझ्या दारी येऊन गेली. मी झोपेत, छाती वरखाली होतेय एवढं बघून परत फिरली. उठवायला मन झालं नाही म्हणे. तिचं बहुतेक राकेल त्या एका पहाटेत गेलं; तळाशी उरलं त्यावर कालपर्यंत भागवलं. कादरला तिनं हे सांगितलं, कादरनं मला.

घरी आल्यावर कादरनं माझी काठी कोपऱ्यात ठेवली. मग म्हणाला, आता तर चलाच. मी होय म्हणून मान हलवली. ट्रंक भरलेलीच आहे.

११ सप्टेंबर, सोमवार

मोटारीच्या आधी आपा आली, गुडघा धरत. मागं चांदभाई, गोरक्ष. आपा कादरला बोलली, पण माझ्या डाव्या कानापाशी उभी राहून, मला ऐकू जाईल असं. "ह्याला ऐकू येत न्हाई हे तुला काल कळलं. आमाला तीन रमजान ठाऊक हाय. सहेरीला दिवा कशाला लागतोय रं? अंधारात घास काय नाकात जातोय? राकेल न्हाई मिळत, तरी गल्लीत दिवे लागतात ते कोणापायी? ह्याला जबाब दिसावा म्हणून."

म्हणजे जबाब रोज मिळत होता. प्रत्येक दारचा.

कादर एकटाच गेला. जाताना घड्याळाला चावी देऊन माझ्या हातात ठेवलं. घड्याळानं मला उठवायचं, मी गल्लीला.

आत्ताच सगळ्या दारांना सांगून आलो. उद्यापासून माझ्यापायी राकेल जाळायचं नाही. कंदील माझा आहे. मी हाक मारीन तेव्हा दाराबाहेर या आणि उजेडात नुसता हात दाखवा. मी थांबतो. पण पाय दुखतात आताशा — लवकर जबाब द्या.