www नावाचं स्थळ

३ जानेवारी २०११
समाजाच्या वधू-वर साइटचं काम मिळालं. अध्यक्ष खेमराजकाका म्हणाले, साधीच बनव. मी आणि साधी! प्रत्येक स्थळाला स्वतंत्र पत्ता देणार. आधी नाव, मग टिंब, मग साइट. याला सबडोमेन म्हणतात. गोंदियात हे समजणारा मी एकटा.

६ जानेवारी
बायोडाटे भरायला सडक अर्जुनीची अल्का येऊन राहिली. शाळेत कॉम्प्युटर शिकवते. पहिला बायोडाटा माझाच टाकला. टेस्टिंगसाठी. वय एकतीस. खरं चौतीस, पण टेस्टिंग आहे.
अल्का म्हणाली, लोक आधी www टाकतात जी, त्याचं कसं कराल?
मास्तरणींना शंका फार. पण आवाज गोड.

१६ जानेवारी, दुपारी १
उद्घाटन. काकांनी भर सभेत www पासून पत्ता टाकला. माझा प्रोग्राम हुशार, टिंबाआधी जे दिसेल त्याला नाव समजतो. पडद्यावर आलं : 'www नावाचं स्थळ उपलब्ध नाही.'
हॉल हसून राहिला. काकांनी माइकवरच विचारलं, हा पोरगा कोणाचा?
चूक काकांची. आधी ट्रेनिंग घ्यायला पाहिजे होतं.

१७ जानेवारी
दुरुस्ती. दहा मिनिटं. नाव सापडलं नाही तर यादीतला पहिला बायोडाटा उघडेल. अल्का म्हणाली, त्यापेक्षा www तेवढं वगळा, एका ओळीचं काम आहे. मी नुसता हसलो.

२० जानेवारी
यादीत पहिला मी. लोक www टाकतात, म्हणून कोणाचंही पान उघडा, मीच दिसतो.
देवरीहून शालीकरामजींचा फोन. पोरीसाठी पाहून राहिलो, जिकडेतिकडे तूच, बाकीचे पोरं मेले का? दवनीवाड्याच्या खुशबूचे आजोबा तर ओरडलेच, नातीच्या जागी तू काऊन?
फुकटची पब्लिसिटी. दुरुस्ती आठवडाभर थांबवतो. अल्काही बघतच असेल.

२७ जानेवारी
दहा दिवसांत माझं पान अकराशे बावन्न वेळा उघडलं. एकही मागणी नाही. नेटवर्क खराब असावं.

२८ जानेवारी, संध्याकाळी ६
अल्काचा फोन! माझं पान नीट बघितलं म्हणे. दोनदा.
मग म्हणाली, फोटोत मागे काश्मीरचा पडदा आहे, तो स्टुडिओ कोणता? नागपूरच्या स्थळाला मला माझा फोटो पाठवायचा आहे.
सांगितला. कोणत्या गल्लीत वळायचं तेही सांगितलं.
आई विचारून राहिली, कोणाचा फोन होता?
म्हटलं, कामाचा.