तीन फटी एका रेषेत

बडोदे, गुरुवार, दिवेलागण

नव्या पिस्टन-रिंगा घालूनही मोटार निळा धूर ओकते आहे. चूक माझी. करसनभाई मिस्त्री नको म्हणत असता मीच हट्टाने रिंगा चढवल्या. पुस्तक वाचले होते ना! प्रत्येक रिंगेला एक फट असते. तिन्ही फटी मी नीट एकाखाली एक आणल्या. दिसायला सुबक, आणि तेल त्याच वाटेने वर चढून जळते.

मी मात्र म्हणालो, रिंगाच खोट्या आहेत! का बोललो असे? करसनभाईंनी एक पिस्टन काढून दाखवला.

“भाऊसाहेब, ही काय सभेतली रांग छे? फटी तीन दिशांना फिरवा. एकीतून निसटलं ते दुसरी अडवेल.”

त्या तीन फटी अजून डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

रविवारी डभोईपलीकडच्या गावात सभा. मुलींची शाळा बंद पाडायचा तिथल्या पंचांचा बेत आहे. मी पोहोचलो नाही तर ती बंद झालीच.

उद्या सकाळी आधी करसनभाईंची माफी, मग सगळे पुन्हा खोलायचे. हात माझेच, पण फटी ते सांगतील तिथे. तरीही मोटार अडली तर शनिवारीच बैलगाडीने निघेन. पंचांपुढे मी उभा राहणार.