कपाटात मावणारा ट्युबा

ती. मामांस,

भाच्याचा वाकून नमस्कार. (पुरता वाकता येत नाही, पाठ धरली आहे, कारण पुढे येईलच.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींनी तुम्हाला जिना चढायला बंदी केली असं ऐकलं. तुम्ही ती मोडत असणार, हेही ठाऊक आहे.

तर झालं असं, की आमच्या बँडचा तो अजस्र पितळी ट्युबा झिजून फुटला. फुंक मारली की निम्मी हवा माझ्याच बाहीत शिरते. बँडमास्तर म्हणाले, रविवारपर्यंत स्वतःचा आण, नाहीतर झांजा घे. मामा, तुमच्यासारखी चाळीस नाही, पण अकरा वर्षं मी त्या खुर्चीवर बसून अख्ख्या बँडला खर्जाचं बूड दिलं आहे. हातात झांजा आल्या तर मला खरंच रडू येईल.

घरात ही म्हणाली, आणा, पण माझ्या कपाटातल्या खालच्या खणात मावला पाहिजे. हिचा धंदा शिवणकामाचा, त्यामुळे नुसतं बोलून थांबली नाही. खणाच्या मापाची कापडी पिशवी शिवून हातात दिली. हिला ट्युबा लहान हवा, मास्तरांना आवाज मोठा हवा. म्हणजे मांजर आणायचं आणि त्यानं भुंकायचं.

दुकानात एकामागून एक पाच ट्युबा पिशवीत कोंबले नि उपसले (पाठ तिथे गेली). वाजवणाऱ्याला स्वतःचा आवाज कळत नाही, तो वरच्या वर आढ्याला जातो, हे तुम्हीच शिकवलंत. म्हणून पारख करायला सासऱ्यांना नेलं होतं. त्यांना ऐकू कमी येतं. समोरच्या फुटपाथवर पेपर देऊन बसवलं; त्यांनी मान वर केली की आवाज मोठा. चार ट्युबांना त्यांनी फक्त पानं उलटली. पाचव्याला आभाळाकडे बघून छत्री उघडली.

पण नेमका तोच दोन बोटांसाठी पिशवीत जाईना. मग दुकानदाराकडून कात्री मागून घेतली आणि शिवणीच्या आत शिंपी जादा कापड सोडतात ना, माया म्हणतात ती, गुपचूप उसवली. घरी येईपर्यंत एकच धास्ती, की आता खणात अडकणार आणि बिंग फुटणार. पण बसला की हो अगदी बेतल्यासारखा. ही शांतपणे म्हणाली, "तुम्ही उसवणार, हे धरूनच पिशवी शिवली होती."

एकंदरीत सगळं झकास आहे. लहान ट्युबासारखं सुख नाही.

तुमचा भाचा

ता. क. घरी एकदाच वाजवून पाहिला. आवाजानं दचकून हिच्या हातून गिऱ्हाइकाची बाही गळ्याला शिवली गेली.

आणखी ता. क. त्या खणाला कुलूप आहे, हे मी बघितलं नव्हतं. किल्ली हिच्याकडे. रविवारचं काय, असं विचारलं तर म्हणते, झांजा कुठेही मावतात. तेव्हा मामा, दारातून तिरका करून न्यावा लागणारा तुमचा तो जुना ट्युबा शनिवारच्या आत पाठवा. कुठल्याच कपाटात मावत नाही ना, तेवढं बघा.

मामा, पत्र पेटीत टाकायला यांनी माझ्याकडेच दिलं होतं. ट्युबा जरूर पाठवा. आधी फक्त माप कळवा. — तुमची भाचेसून