लाकडी शिट्टी

जयपूर, १४ डिसेंबर २००६

निखिल कॅनडाहून आला तो यांच्यासाठी दोन शिट्ट्या घेऊन. हंसांना बोलावायच्या. एक लाकडी, एक प्लास्टिकची. म्हणाला, "बाबा, वाजवून बघा, आवडेल ती ठेवा. दुसरी माझ्या शिकारी मित्राला देईन."

इकडे शिकार कधीचीच बंद झाली, तरी दर थंडीत हे गच्चीवर उभे राहून नुसत्या गळ्याने हंसांना हाका मारायचे. मी ओरडायचे, "अहो, शेजारी काय म्हणतील!"

यांनी लाकडी शिट्टी तोंडाला लावली. गाल फुगले, आवाज नाही. "जोरात फुंका ना, बाबा." अरे, घशाच्या ऑपरेशनपासून यांचा श्वास मानेतल्या भोकातून चालतो, तोंडात हवा येणार कुठून? त्याला माहीत होतं. मग दुकानात आठवलं कसं नाही? आणि मला मेलीला तरी आज आधी कसं सुचलं नाही?

निखिलचा चेहरा उतरला. शेवटी यांनीच त्याला खुणेने दोन्ही वाजवायला लावल्या, डोळे मिटून ऐकल्या आणि लाकडी ठेवून घेतली.

संध्याकाळी आम्ही दोघं गच्चीवर होतो. वैशाली नगरवरून हंसांची रांग चालली होती. यांनी ती लाकडी शिट्टी माझ्या हातात दिली. मी फुंकली. भलताच आवाज निघाला, एकही हंस वळला नाही. यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, हसताहेत. मीही हसले.

रडताहेत हे कळायला वेळ लागला. आवाज नाही ना.