पेंटरच्या दुकानातला कॉम्प्युटर

अब्बा, आपला तो पहिला कॉम्प्युटर मी गेल्या आठवड्यात भंगारवाल्याला देऊन टाकला. इतकी वर्षं तो दुकानाच्या माळ्यावर जुन्या पत्र्यांमागे पडून होता. भंगारवाल्याने डबा हातात तोलून पाहिला आणि म्हणाला, "बाई, याच्यात लोखंडच जास्त हाय." त्याचा ठेला वळणावर दिसेनासा होईपर्यंत मी दारात उभी राहिले, मग आत आले आणि हातातलं काम बाजूला ठेवून हे लिहायला बसले. घरात आपण हिंदीत बोलायचो, पण दुकानावर तुमचा नियम होता की गिऱ्हाईक असो नसो, मराठीच बोलायची. ही गोष्ट दुकानातली आहे, म्हणून मराठीत लिहिते.

तेव्हा अहेरीत बोर्ड म्हटलं की लोक तुमच्याकडे यायचे. किराणा, कापड, सायकलवाला, दवाखाना, ट्रकच्या मागच्या फळ्या, आलापल्लीच्या रस्त्यावरच्या 'वणवा लावू नका' च्या पाट्या, सगळं तुमच्या हातचं. सिरोंच्याकडचं गिऱ्हाईक आलं तर तेलुगूही लिहायचात, वाचता येत नसताना. दोऱ्याला खडू फासून तो पत्र्यावर ताणायचात, टिचकी मारायचात, पांढरी रेघ उमटायची आणि त्या रेघेला शब्दच्या शब्द लटकायचा. मला अक्षरं शाळेत कळली नाहीत, तिथे कळली. तुम्ही म्हणायचात, "वेलांटीले घाई नसते. घाई केली का ती पडते."

तुमचा हात कापायला सुरुवात झाली ती अंगठ्यापासून. भर मे महिन्यात तुम्ही मला सांगितलंत की थंडी वाजते आहे, आणि मी ते खरं मानायचा प्रयत्न केला. मग तुम्ही डाव्या हाताने उजवं मनगट धरून लिहायला लागलात. मग सकाळीच लिहायचात, कारण सकाळी कंप कमी असायचा. एका दवाखान्याच्या बोर्डावर शिरोरेषा मध्येच लाटेसारखी हलली. तुम्ही टर्पेंटाइनने सगळा बोर्ड पुसलात, पुन्हा लिहिलात, पुन्हा पुसलात. मी चहा घेऊन आले तेव्हा तुम्ही ब्रश धुवून ठेवला होता आणि नुसते त्या कोऱ्या पत्र्याकडे बघत बसला होता.

त्याच सुमारास चंद्रपूरला फ्लेक्स निघाले होते. बाजारातल्या किराणा दुकानाचे शेठ, ज्यांचा बोर्ड तुम्ही तीनदा रंगवला होता, एक दिवस सहज म्हणाले, "भाऊ, आता आपल्याले फ्लेक्स पाहिजे. फोटोबी येते म्हणतेत त्याच्यात." ते गेल्यावर मला वाटलं तुम्ही चिडाल. तुम्ही उलट खुर्ची ओढून माझ्याजवळ बसलात. "हे छापाच्या आधी कोनीतरी कॉम्प्युटरवर लिहितच असन ना? मंग ते आपुनच लिहू. डिझाइन इथी करू, छापाले चंद्रपूरले पाठवू. हात पत्र्यावर नाई चालत, तं तिथी चालन. तू शिकलीच हायेस."

मी शिकले होते म्हणजे काय, तर कॉलेज संपल्यावर गावातल्या क्लासमध्ये मराठी टायपिंग आणि थोडंफार डिझाइन. एका ऑफिसने काढून टाकलेला कॉम्प्युटर आपण घेतला. टायपिंगला तो बरा होता. पण डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडलं की धापा टाकायचा, आणि एखादा फोटो आत घेतला की माऊसचा बाण जागीच गोठायचा. तुम्ही मागे उभे राहून विचारायचात, "काऊन, काय विचार करून राह्यला हा?" मी म्हणायचे, रॅम कमी आहे. क्लासमध्ये ऐकलेला शब्द होता. डबा उघडून आत मी कधी पाहिलंच नव्हतं.

चंद्रपूरच्या दुकानदाराला पीसीओवरून फोन केला तर त्याने विचारलं, कोणती रॅम, आतला मदरबोर्ड कोणता? मला सांगता येईना. तो म्हणाला, "डबाच घेऊन या." अम्मीने तो जुन्या रजईत गुंडाळून सुतळीने बांधला. आष्टी, गोंडपिपरी, एसटीत पूर्ण रस्ता तो माझ्या मांडीवर आणि शेजारी तुम्ही, उजवा हात डाव्या काखेत दाबून. समोरच्या सीटवरच्या एका म्हातारीने विचारलं, "लेकरू झोपलं का बाई?" तुम्ही म्हणालात, "झोपलं नाई, बिमार हाय. डॉक्टरकडे नेऊन राह्यलो." ती हळहळली, आणि आपण दोघं खिडकीकडे तोंड करून हसलो. त्या दिवशीचं हसू तेवढंच.

आधी आपण तुमचा हात दाखवायला डॉक्टरकडे गेलो. त्यांनी तुम्हाला बोटं एकमेकांवर आपटायला सांगितली, चालायला सांगितलं, कागदावर गोल गोल रेघ काढायला सांगितली. तुम्ही, अब्बा, गोल काढायला. मी कागदाकडे पाहिलं नाही. डॉक्टर चांगले होते, त्यांनी काही लपवलं नाही. मेंदूतला आजार आहे, गोळ्यांनी आराम पडेल, पण हळूहळू वाढत जाईल, मुळापासून बरा होत नाही. तुम्ही विचारलंत, "साहेब, मी पेंटर हाय. ब्रश धरता येईन का?" ते म्हणाले, "दुसरं काही काम पाहता आलं तर पाहा." तुम्ही लगेच म्हणालात, "ते पाह्यलंच हाय. तिकडंच चाललो आता." आणि रजईतल्या डब्याकडे बोट दाखवलंत.

कॉम्प्युटरच्या दुकानदाराने डबा उघडला, आतली धूळ फुंकली आणि सांगितलं की या बोर्डाला लागणारी रॅम आता नवी मिळत नाही, आणि नवी रॅम याच्या खाचेत बसत नाही. जुनी शोधून घालण्यापेक्षा बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम तिन्ही बदला, बाकी हार्ड डिस्क, मॉनिटर, डबा हेच चालेल. मग त्याने विचारायला सुरुवात केली. प्रोसेसर मोठा घ्यायचा का रॅम जास्त? चित्राचं वेगळं कार्ड की बोर्डातलंच? प्रत्येक प्रश्नाला तुम्ही माझ्याकडे बघत होता आणि मी काउंटरवरच्या त्या हिरव्या पट्ट्यांकडे. मी साधा प्रोसेसर आणि जास्त रॅम म्हटलं, कार्ड नको म्हटलं. आजही मला वाटतं ते बरोबरच होतं. शेवटी त्याने विचारलं, "वीज देणारा डबा जुनाच ठेवता का? म्हणजे एसएमपीएस. चालून जाईल तसा, पण बदललेला बरा." आपल्या खिशात जे होतं ते संपत आलं होतं आणि गोळ्या घ्यायच्या होत्या. मी म्हटलं, तो पुढच्या वेळी. दुकानात तो कॉम्प्युटर असा झरझर चालला की तुम्ही टाळी वाजवलीत.

अहेरीत आणून लावला. सुरू झाला. डिझाइन उघडलं, शेठच्या दुकानाचा फोटो आत घेतला आणि पडदा काळा झाला. मशीन आपलं आपणच बंद होऊन पुन्हा सुरू झालं. पुन्हा केलं, पुन्हा तसंच. पुढे कित्येक दिवस हेच चाललं. बसच्या धक्क्यांनी रॅम हलली असेल म्हणून ती काढून तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर घासलं आणि परत दाबून बसवली. नाही झालं. व्हायरस असेल म्हणून सगळं पुसून पुन्हा भरलं. नाही झालं. तापत असेल म्हणून डब्याची एक बाजू उघडी ठेवून टेबलफॅन लावला. त्या फॅनने तुमचे कागद उडायचे आणि तुम्ही ते गोळा करत फिरायचात. विजेचा दोष असेल म्हणून टीव्हीचा स्टॅबिलायझर आणला. अम्मी तर मशीनवरून आणि तुमच्यावरूनही मिरच्या ओवाळून गेली. म्हणाली, "दोनों को एक साथ नज़र लगी है।"

मी दुकानदारावर घसरले. म्हटलं, त्याने सदोष माल गळ्यात मारला. तेव्हा तुम्ही मला रागावलात, त्या काळातलं ते एकच रागावणं. "त्यानं विचारलं होतं का नाई? आपुन नाई म्हनलं. मंग त्याले काऊन दोष द्यायचा?" आणि तिथेच मला आपण कशाला नाही म्हटलं होतं ते आठवलं. क्लासच्या सरांकडे मी हात जोडले. त्यांनी त्यांच्या चालू कॉम्प्युटरमधला विजेचा डबा काढून एका दुपारपुरता दिला. तो आपल्या बोर्डाला जोडला, फोटो घेतला, मोठा केला, फिरवला, दुसरा घेतला. पडदा काळा झाला नाही. नव्या बोर्डाची भूक जुन्या डब्याला भागवता येत नव्हती, एवढंच होतं. चंद्रपूरच्या दुकानदाराला फोनवर सांगितलं आणि दोन दिवसांनी एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती नवा एसएमपीएस आला.

मला अजून त्या दुपारचा उजेड दिसतो. मी सगळं जोडून उठते आणि खुर्ची तुमच्यासाठी मागे ओढते. तुम्ही हात साबणाने धुवून आला आहात, जणू जेवायला बसताय. टोपी नीट करता. बिस्मिल्ला म्हणता आणि माऊसवर हात ठेवता. मी सांगते की इथे दाबून धरा आणि रेघ ओढा, शिरोरेषा. पडद्यावर बाण थरथरायला लागतो. रेघ वर जाते, खाली येते, तुटते. तुम्ही डाव्या हाताने मनगट धरता. बाण आणखी जोरात हलतो. पुन्हा. पुन्हा. मग तुम्ही माऊस सोडता आणि पडद्याकडे बघत, अगदी हळू म्हणता, "याचाबी हात कापून राह्यला, बेटा."

मी काय करायला हवं होतं ते मला आजही माहीत नाही. मी माऊस पुसला, त्यातला गोळा काढून साफ केला, वेग कमी करून पाहिला, खाली जाड पुठ्ठा ठेवला. ह्यातल्या कशानेही काही होणार नाही हे आपल्या दोघांनाही कळत होतं, तरी तुम्ही प्रत्येक वेळी "पाह्यतो" म्हणत पुन्हा हात ठेवत होता. तो तुमचा चांगुलपणा होता. माझं मन राखायला तुम्ही हरत होता.

मग तुम्ही उठलात, मला बसवलंत आणि मागे स्टूल घेतलंत. शेठच्या बोर्डाची अक्षरं आपण तशी केली, तुम्ही सांगायचं आणि मी काढायचं. "काना सरळ नको, पायाशी जरासा जाड. हां. आता वेलांटी वरून आन. घाई नको. तिचं पोट डावीकडं. नाई, इतकं नाई." सगळा आठवडा गेला. तुमच्या हातासारखं ते झालं नाही, पण कोणाच्या तरी हातचं आहे असं दिसत होतं. सोबत मी तयार फॉन्टमधलाही एक नमुना केला होता, रंग दाखवायला म्हणून. शेठ आले, दोन्ही पाहिले आणि तयार फॉन्टवर बोट ठेवलं. "भाऊ, हे बरं हाय. साफ दिसते. ते दुसरं जुन्या बोर्डासारखं वाटते."

मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात तुम्हीच म्हणालात, "बरोबर हाय शेठ. दुरून हेच दिसन." त्यांना चहा पाजलात. ते गेल्यावर मी रडायच्या बेतात होते आणि तुम्ही माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणालात, "गिऱ्हाईक खुश हाय ना? मंग काऊन तोंड पाडून बसलीस? मशीन चालून राह्यली, काम येऊन राह्यलं." काम खरंच येत गेलं, अब्बा. लग्नाचे, वाढदिवसाचे, दुकानांचे फ्लेक्स, एटापल्लीपर्यंतचे. आपलं घर त्याच्यावर चाललं, तुमच्या गोळ्या त्याच्यावर आल्या. पण तुम्ही स्टूल हळूहळू मागे नेत गेलात. आधी माझ्या खांद्याशी, मग भिंतीशी, मग बाहेर ओट्यावर. तिथून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायचात. शेवटच्या वर्षी तेही बोलणं इतकं बारीक झालं होतं की लोक वाकून ऐकायचे. मग छातीत कफ भरला, आणि एका हिवाळ्यात तुम्ही गेलात.

तुमचा एकही बोर्ड आता गावात उरलेला नाही. मी शोधले. काही गंजले, काहींवर फ्लेक्स ठोकले, आणि ते फ्लेक्स मीच केलेले.

परवा एक गिऱ्हाईक आलं होतं, तुमच्या ओळखीतल्याचा मुलगा. म्हणाला, "तुमच्या अब्बानं त्या वयात कॉम्प्युटर शिकला म्हनते. खरं हाय का?" मी हो म्हटलं. म्हटलं, शेवटपर्यंत स्वतःच्या हाताने डिझाइन करायचे, मला शेजारी बसू द्यायचे नाहीत. तो म्हणाला, कमाल आहे. हे मी त्याला पहिल्यांदा सांगितलेलं नाही. तुम्ही गेलात तेव्हापासून जो विचारेल त्याला मी हेच सांगते, आणि सांगताना मला तुम्ही खरंच खुर्चीत बसलेले दिसता, बाण सरळ रेघेत चाललेला. तुम्हाला खोटं आवडायचं नाही, म्हणून हे पत्र कुठे पाठवता आलं असतं तरी मी पाठवलं नसतं. पण उद्या कोणी विचारलं तर मी परत तेच सांगणार आहे.