नुसती पोच

सोमवार, ३
साहेबांना घाई! वेबसाइटवरचं रक्तपेढ्यांचं पान सावकाश उघडतं म्हणे. उघडणारच — एका पेढीला साठा विचारायचा, उत्तराची वाट बघायची, मग दुसरीला विचारायचं. "चारही पेढ्यांना एकदम विचार. थांबायचं नाही!" पीएचपीत, म्हणजे पान ज्या संगणकभाषेत लिहिलंय तिच्यात, तयार प्रश्न असा न थांबता पाठवायचा म्हणजे दोन हेलपाटे. आधी प्रश्नाचा साचा पाठवा, 'साचा मिळाला' अशी पोच घ्या. मग त्यात रक्तगट घालून तो चालवा, तेव्हा कुठे खरं उत्तर. हे सगळं सांगितलं. "एवढंच ना?" बोलणाऱ्याचं काय जातं!

मंगळवार, ४
झालं. पान चुटकीसरशी उघडतं. साहेबांनी स्वतःचीच पाठ थोपटली.

गुरुवार, ६
ताईचा फोन. तिच्या गाठीचं ऑपरेशन मंगळवारी. रक्त हाताशी असल्याशिवाय डॉक्टर हात लावणार नाहीत, आणि तिचं ओ निगेटिव्ह! "तुझ्या पानावर चारही ठिकाणी 'नाही' दिसतंय गं." पेढ्यांना फोन लावले. सगळीकडे तीच रेकॉर्ड केलेली बाई — 'साठ्यासाठी कृपया पान पाहा.' कपाळ माझं!

शनिवार, ८
चारांतल्या नदीपलीकडच्या छोट्या पेढीत पानावर कुठलाच रक्तगट नाही? ए पॉझिटिव्हसुद्धा? साहेब म्हणाले, "छोटी आहे, नसेल." आज मला दिवसभर ऑफिसात डांबलंय. नवऱ्याला फोन केला, येता येता त्या पेढीत डोकावशील का?
"हं."

रविवार, ९
गेलाच नाही! वर म्हणतो कसा, "हं म्हणजे ऐकलं. जातो असं कुठे म्हटलं मी?"
खूप भांडले. भांडता भांडता थबकले. साच्याची पोच म्हणजे तरी काय? नुसतं हं! आणि मी तिलाच उत्तर समजून बसले होते. पोचेत पिशव्या कुठून असणार? म्हणून 'नाही'.
मोठ्या तीन पेढ्यांची जोडणी टिकते, साचा तिथे आधीच असतो, म्हणून त्यांची उत्तरं बरोबर. छोटीची लाइन सारखी तुटते. दर वेळी नवा साचा, दर वेळी पोच, दर वेळी 'नाही'. मी तपासलं ते ऑफिसात बसून, तिथे कुठली लाइन तुटायला! स्वतःच्याच दोन मुस्कटात माराव्यात असं वाटलं.
दुरुस्त केलं. पान पुन्हा उघडलं. छोटी पेढी, ओ निगेटिव्ह — दोन पिशव्या!! ताईला कळवलं. ती रडली, मीही रडले. आज पेढी बंद. उद्या दार उघडायच्या आधी तिथे हजर.
नवऱ्याला चहा दिला. बोलले मात्र नाही.

सोमवार, १०
खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "त्या दोन होय? पानावर 'नाही' होतं ना, कोणी आलंच नाही न्यायला. काल मुदत संपली. आत्ताच नष्ट करायला पाठवल्या."
ताईचा फोन वाजतोय.